चिचमच्या घळीतली ऋषिपंचमी

स्पितीहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "कसं झालं?" मी सांगते, "दमले." मी पुढे आणखी काही बोलेन म्हणून लोक थांबतात. पण त्या आठवड्याबद्दलचं सगळ्यात खरं वाक्य तेवढंच आहे. निळं आकाश, पताका, बर्फाची शिखरं हे सगळं तिथे आहे आणि फोटोत दिसतं तसंच आहे. फोटोत दिसत नाही तो श्वास. किब्बर गावात पांघरुणाची घडी घालतानासुद्धा मधे थांबून श्वास घ्यावा लागतो.

मी नाशकात गंगापूर रोडला रक्त तपासणीची लॅब चालवते. चाळिशीपासून दर हिवाळ्यात आसपासचे किल्ले चढत आले. पन्नाशी उलटली तसे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा ठरवलं की हिमालयातली एखादी घळ बघून घ्यावी, मग गुडघ्यांचं व्हायचं ते होवो. स्पितीत किब्बर आणि चिचम ही गावं समोरासमोर आहेत आणि त्यांच्यामधे चुनखडीची खोल घळ आहे. आता वरून पूल झालाय, गाडी सहज पलीकडे जाते. पूल नव्हता तेव्हा माणसं तारेवरच्या पाळण्यात बसून जायची, नाहीतर घळीत उतरून पलीकडे चढायची. ती उतरायची-चढायची वाट मला चालायची होती. एकटीने.

एकटीने जाणं झालं नाही. माझ्या मोठ्या नणंद मंगलताई बरोबर आल्या, आणि त्या फिरायला आल्या नव्हत्या. पैज लावून आल्या होत्या.

ताई पंचवटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. दोन वर्षांपूर्वी यजमान गेल्यापासून एकट्याच. मुलगा अमेय बंगळूरला. त्याचं म्हणणं, फ्लॅट विकावा आणि आईने त्याच्याकडे यावं. माझंही मत तेच होतं, फक्त मी ते बोलत नव्हते. एका रविवारी आमच्याकडे जेवताना माझ्या सहलीचा विषय निघाला. व्हिडिओ कॉलवर अमेय हसत म्हणाला, "आई, मामीकडून शीक काहीतरी. तुला भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मधे बसावं लागतं."

ताईंनी पोळी खाली ठेवली. "मी जाते अनूबरोबर. ती दरी स्वतःच्या पायांनी उतरून चढून दाखवते. जमलं तर माझ्या घराचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं तर दिवाळीनंतर येते तुझ्याकडे, माझी भांडी घेऊन."

"साक्षीला कोण?"

"अनू आहे की. ती कुणाची भीड धरत नाही."

त्या रात्री अमेयने मला वेगळा फोन केला. "मामी, तू तिला हरवू नकोस. फक्त मला खरं सांग."

ताईंचा ईसीजी करून घेतला, डॉक्टरांना विचारलं, रोज तपोवनापर्यंत चालायला लावलं. गणपती यंदा पिंपळगावला मोठ्या दिरांकडे होते, म्हणून मला सुट्टी काढता आली.

किब्बर

काझा या स्पितीतल्या मुख्य गावात हवेची सवय होईपर्यंत नुसत्या बसून राहिलो आणि मग किब्बरला आलो. मातीची पांढरी घरं, खिडक्यांना काळ्या चौकटी, छपरांच्या कडेने रचलेला हिवाळ्याचा चारा. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो ते तंजिन आणि छेरिंग, चाळिशीच्या आसपासचं जोडपं. तंजिन वाट दाखवतो, छेरिंग घर, शेत आणि पाहुणे बघते. म्हणजे तिचं काम तिप्पट.

आपल्याकडे पाहुण्याला बाहेरच्या खोलीत बसवतात आणि चहा आतून येतो. तिथे पाहुण्याला थेट स्वयंपाकघरात नेतात, कारण ऊब तिथेच असते. मधोमध लोखंडी चूल, तिला ते तंदूर म्हणतात, आणि भिंतीला लागून गाद्या. चुलीजवळची जागा वयाने मोठ्या माणसाची. ताईंना ती मिळाली आणि त्या एकदम खूश झाल्या. मिठाचा लोणी घातलेला चहा मात्र त्यांनी एक घोट घेऊन माझ्याकडे सरकवला. "ही पातळ कढी आहे," त्या म्हणाल्या. मी दोन्ही पेले प्यायले. कढी म्हणून प्यायलं तर बरं लागतं.

रात्री वाफवलेला पाव होता, टिमोक नावाचा, पाकळ्या उलगडत खायचा, आणि ताज्या मटारची उसळ. एवढा गोड मटार मी नाशकात कधी खाल्ला नाही. संडास वरच्या मजल्यावर, पाण्याशिवाय, फावड्याने माती टाकायची. ताई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांना किती त्रास झाला असेल ते मला समजलं.

जेवणानंतर छेरिंगने विचारलं, "सुबह नाश्ते में क्या बनाऊँ, आंटी जी?"

"कल हमको बैल का नहीं चलता," ताई म्हणाल्या.

छेरिंग घाबरली. "बैल तो हम भी नहीं खाते जी!"

मग मला मधे पडावं लागलं. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती. हे व्रत करणाऱ्या बायका त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नाही, हाताने लावलेलंच चालतं. आदल्या दिवशी पंचवटीच्या बाजारात अळू, माठ, भोपळा, कणसं अशा मिसळीच्या भाजीचे ढीग लागतात. ताईंनी हे लग्नापासून पाळलंय. उद्यापन यजमानांसोबत बसून करायचं होतं, ते आज करू उद्या करू म्हणता राहून गेलं. तारखा ठरवताना पंचमी कुठे येते हे मी पाहिलं नाही. ताईंनी पाहिलं होतं आणि मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी तिकिटं बदलली असती.

छेरिंगने सगळं नीट ऐकून घेतलं. "हमारे यहाँ बैल नहीं है. याक है."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "याक म्हणजे बैल का गं?"

"केसाळ बैल."

"हल ओढता है?" ताईंनी छेरिंगला विचारलं.

"हाँ जी, दो-दो जोतते हैं. जौ, मटर, आलू, सब उसी से."

"शिंगं?"

छेरिंगने दोन्ही हात डोक्यावर धरून भलीमोठी शिंगं दाखवली. ताईंनी मान हलवली. "मग बैलच. नाही चालणार."

"ताई, उद्या चढायचंय. पुराणात याक नाहीये."

"पुराणात स्पितीसुद्धा नाहीये. म्हणून काय वाट्टेल ते खायचं?"

त्यांनी नाशकाहून वरई आणली होती. आपल्या पेठ तालुक्यातल्या उतारांवर कुदळीने लावलेली, असं भाजीवालीने शपथेवर सांगितलेली. पण त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि त्यात काही शिजत नाही. घरातल्या कुकरची रिंग गेलेली होती. सकाळी छेरिंगने तासभर वरई उकळली, तरी दाताखाली कचकच. ताईंनी दोन घास खाल्ले, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा प्यायला आणि बूट चढवले. मी भांडण्याच्या तयारीत होते, पण सकाळी सहा वाजता त्या उंचीवर भांडायलाही श्वास लागतो. तंजिनच्या पिशवीत सातू आहे ना, एवढं मी बघून घेतलं.

घळ

गावाबाहेरच्या शेतांत जव पिवळं पडत होतं. शेवटच्या बांधानंतर जमीन संपली. संपली म्हणजे खरंच संपली. समोर चिचमची घरं दिसत होती, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ, आणि मधे पोकळी. लांबवर पूल दिसत होता. त्यावरून एक पांढरी गाडी आरामात पलीकडे गेली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

आपला सह्याद्रीचा दगड काळा आणि घट्ट. पावसाने शेवाळला नसेल तर तो हात सोडत नाही. ही चुनखडी करडी-पिवळी, पानापानांची, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखी थरांवर थर. काही थर सरळ, काही कुणीतरी मुठीत धरून पिळल्यासारखे वळलेले. पकडायला धार चांगली मिळते, पण धरलेला तुकडा हातातच राहील याचा नेम नाही. तंजिनने पहिल्याच वळणावर सांगितलं, "पत्थर को पहले खटखटाओ, मैडम जी. बोलेगा तो पकडना. चुप रहेगा तो छोड देना." टणक दगड खणखणतो, सुटलेला भद्द वाजतो. दिवसभर आम्ही तिघं दारं वाजवल्यासारखे डोंगर वाजवत होतो.

पूल झाल्यापासून ही वाट कुणी दुरुस्त करत नाही. उतार घसाऱ्याचा, पाऊल टाकलं की अर्धं पाऊल फुकट खाली. माझा उजवा गुडघा तिसऱ्या वळणापासून ठणकायला लागला. ताई मात्र बऱ्या उतरल्या. काठी रोवायची, पाय टाकायचा, काठी रोवायची. पंचवटीच्या गल्लीत दुचाक्या चुकवत भाजी आणणाऱ्या बाईचं लक्ष पायांवरच असतं. मधे पलीकडच्या कड्यावर भरलांचा कळप होता, निळसर करड्या रानमेंढ्या. जिथे मला बोट ठेवायला जागा दिसत नव्हती तिथे त्या उभ्या राहून रवंथ करत होत्या. "यांना सांग पैज लावायला," ताई म्हणाल्या.

तळाशी ओढा आणि सावली. कडे दोन्ही बाजूंनी इतके चढलेले की वर आकाशाची नुसती फीत उरलेली. पाणी एवढं गार की पाय टाकल्यावर आधी दुखतं आणि नंतर पायच नाहीसा होतो. बूट परत घालताना माझ्या डाव्या बुटाचा तळ सुटून लोंबायला लागला. सात वर्षं जुने बूट, कपाटात पडून गोंद वाळलेला. नवे घ्यायचे म्हणून दोनदा कॉलेज रोडला जाऊन मी तशीच परत आले होते. तंजिनने पिशवीतून याकच्या केसांचा दोर काढला आणि तळ बुटाला बांधून दिला.

"हा दोर तुला चालतो वाटतं," ताई म्हणाल्या.

"मी बूट खात नाहीये."

चढ

चढाच्या पहिल्या अर्ध्या तासात ताई चारदा थांबल्या. मीही थांबत होते, त्यामुळे ते मला उशिरा लक्षात आलं. मग त्या वाटेतच बसल्या. ओठांचा रंग मला आवडला नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा तिथल्या मानाने ठीक होता, सकाळी माझा होता तेवढाच. नाडी मात्र धावत होती, हात थरथरत होते आणि कपाळावर गार घाम. लॅबमध्ये उपाशीपोटी आलेल्या पेशंटना मी वर्षानुवर्षं असं पाहतेय. हवा कमी पडत नव्हती. पोटात काही नव्हतं.

वर पाहिलं. आमच्यापासून थोड्या अंतरावर कातळाचा एक पट्टा आडवा होता. तिथे हात लावून, दोराच्या आधाराने चढायचं होतं. त्याच्यावर परत वळणं आणि मग चिचमची शेतं. मागे फिरायचं म्हणजे पुन्हा ओढा आणि सकाळी उतरलो तो सगळा घसारा चढून जायचा. ते तर अशक्यच.

तंजिन ताईंसमोर उकिडवा बसला आणि पाठीवर थाप मारली. "आओ आंटी जी. मैं ले जाता हूँ. मेरी माँ को भी ले गया था इसी रास्ते से."

ताईंनी त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाठीवर बसल्या की पैज संपली, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मी सातूची पिशवी उघडली. भाजलेल्या जवाचं पीठ, त्यात छेरिंगने लोणी मळून लाडू वळले होते. "खा, ताई."

"पंचमी आहे."

"पंचमी नाशकात आहे. इथे नुसता दगड आहे."

"तू बोलूच नकोस. तू तुझी पंचमी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सोडलीस. आईला किती लागलं होतं."

मग मी सरळ खोटं बोलले. "हा त्या शेतातला सातू नाहीये. छेरिंगच्या घरामागे छोटा वाफा आहे ना, कुदळीने खणलेला, त्यातला आहे. विचारा तंजिनला." आणि तंजिनकडे पाहून डोळे मोठे केले. "है ना, तंजिन? पीछे वाला, छोटा? हाथ से खोदा हुआ?"

तंजिनने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नहीं मैडम जी. पीछे तो मूली है. ये नीचे वाले बडे खेत का जौ है. दो याक लगते हैं उसमें."

ताईंना एवढ्या दमल्या अवस्थेतही हसू आलं. "शाबास, अनू. साक्षीदार म्हणे!"

ताई चेहरा पदराने पुसायला गेल्या आणि आज पदर नाही हे लक्षात येऊन बाहीने पुसला.

"वो याक अभी किधर है?" त्यांनी विचारलं.

तंजिनने हात वर, बर्फाच्या दिशेला केला. "ऊपर, घास में. बुवाई के बाद छोड देते हैं. बरफ गिरेगी तो खुद आ जाएगा."

"अब तक कुछ काम नहीं?"

"क्या काम, आंटी जी! खाता है, सोता है. हम सबसे मोटा वही है."

ताई मला म्हणाल्या, "ऐकलंस? आपल्या बैलाला पोळ्याचा एक दिवस, त्यातही मिरवायचं. याला अख्खा उन्हाळा सुट्टी. मग याच्यासाठी मी कशाला उपाशी मरू? दे इकडे."

लाडू हातात आल्यावर मात्र त्या लगेच खाईनात. तो त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "याकचं बोलले ते मला पटलंय असं समजू नकोस हं. मोडलं ते मोडलंच. पण पाठीवर बसून वर गेले, तर पुढची प्रत्येक पंचमी अमेयच्या बाल्कनीत." आणि खाल्ला. दुसराही खाल्ला. तिसरा मागितला, वर पाणी प्यायल्या आणि डोळे मिटून तशाच बसल्या.

मी शेजारी बसले. ज्या गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही ती मोडताना पाहणं मला सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

साखर रक्तात चढायला लागतो तेवढा वेळ लागला. ओठांना रंग आला. ताई उठल्या, पँटची धूळ झटकली आणि तंजिनला म्हणाल्या, "चलो. रस्सी बांधो."

कातळाच्या पट्ट्यावर तंजिन आधी चढला, दोर खाली सोडला आणि मी तो ताईंच्या कमरेला बांधला. मी खालून पाय कुठे ठेवायचा ते सांगत होते. "उजवा वर. नाही, तुमचा उजवा." ताई दगड वाजवत होत्या. टक. टक. भद्द. तो सोडला. टक. पकडला. मधे एकदा दोन्ही पाय सुटले आणि त्या क्षणभर दोरावर आल्या. माती, खडे, सगळं माझ्या डोक्यावर. तंजिन वरून ओढू लागला तसा ताईंचा आवाज आला, "खिंचो मत! पकडके रखो सिर्फ!" त्याने ओढणं थांबवलं. बऱ्याच वेळाने त्यांचे बूट माझ्या नजरेआड झाले. मग माझी पाळी. मला त्याने ओढलं, आणि मी अजिबात हरकत घेतली नाही.

चिचम

वर शेताच्या बांधावर आम्ही तिघं आडवे झालो. मटार काढणाऱ्या दोन बायका बघायला आल्या, 'जुले' म्हणत नमस्कार केला आणि आमच्या मधोमध शेंगांची ओंजळ ठेवून गेल्या. ताईंनी सोलून खायला सुरुवात केली. आता लपवायचं काही नव्हतं.

रेंज तंजिनच्याच फोनला होती. ताईंनी अमेयला लावला. "चढले," एवढंच म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे दिला.

"मामी, तू सांग," अमेय म्हणाला. "स्वतःच्या पायांनी?"

त्या एका क्षणात मला पर्याय होता. दोरावर लटकल्या होत्या, ते सांगता आलं असतं. त्या बसल्या, थरथरल्या, पाठीवर न्यायची वेळ आली होती, तेही खरंच होतं. ताई बंगळूरला गेल्या असत्या, मुलाजवळ राहिल्या असत्या, आणि रात्री-अपरात्री फोन वाजला की पहिला विचार पंचवटीचा येणं माझ्यापुरतं थांबलं असतं.

"स्वतःच्या पायांनी," मी म्हटलं. "मधे बसल्या. पंचमी मोडून खाल्लं, आणि चढल्या. दोर होता, पण ओढू दिलं नाही."

"आईने पंचमी मोडली?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून मला कळलं की घराचा विषय खरंच संपला. मग तो म्हणाला, "मग मामी, तिकडे तूच आहेस."

"मीच आहे."

फोन तंजिनला परत दिला. बुटाचा दोर सोडायला गेले तर गाठ ओढ्याच्या पाण्याने आवळून बसलेली. नखांनी सोडवत बसले. शेजारी ताई शेंगांची टरफलं एका बाजूला नीट गोळा करत होत्या.

"अनू," त्या म्हणाल्या, "परत गेल्यावर माझ्या नळवाल्याला फोन कर बाई. मोरीचा पाइप गळतोय, आणि मी बोलावलं की तो येत नाही."

"केव्हापासून गळतोय?"

"झाले दोन महिने. म्हटलं, राहायचंय की नाही ते ठरू दे आधी."

मी नळवाल्याचा नंबर विचारून घेतला.